दोष ड्रायव्हरचा की रॅमचा? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : काम करता करता निळा पडदा येतो आणि काही वाचायच्या आत संगणक रिस्टार्ट होतो. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद सापडली. पॉवर सप्लाय बदलावा का?

उत्तर : तेवढ्या नोंदीवर काहीही विकत घेऊ नका. मागच्या वेळी विंडोज रीतसर बंद झालं नव्हतं, एवढंच ती नोंद सांगते. वीज गेली, कुणी पॉवरचं बटण दाबून धरलं किंवा ड्रायव्हर (संगणकाचा एखादा भाग किंवा सोय विंडोजशी जोडणारं छोटं सॉफ्टवेअर) कोसळला, तरी नोंद हीच पडते.

आधी तो पडदा वाचता येईल असं करा. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून ‘एसवायएसडीएम डॉट सीपीएल’ उघडा. त्यातल्या अ‍ॅडव्हान्स्ड टॅबमध्ये ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’ची सेटिंग्ज उघडून ‘ऑटोमॅटिकली रिस्टार्ट’वरची खूण काढा. आता स्टॉप कोड, म्हणजे क्रॅशच्या प्रकाराचं नाव, पडद्यावर थांबेल, त्याचा मोबाइलवर फोटो काढा. (विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत हा पडदा काळा असतो. रंग बदलला, काम तेच.) प्रत्येक क्रॅशची डंप फाइल (क्रॅशच्या क्षणी मेमरीत काय होतं त्याची नोंद) विंडोज फोल्डरातल्या मिनीडंपमध्ये जमा होते. तो फोल्डर रिकामा असेल तर पेजफाइल (रॅमला जोड म्हणून विंडोज डिस्कवर वापरतं ती फाइल) चालू आहे का ते पाहा. एसएसडी वाचवायची म्हणून ती बंद करायचा सल्ला बरेच जण देतात, आणि मग डंप बहुधा लिहिलाच जात नाही.

प्रश्न : डंप वाचून दाखवणाऱ्या ब्लूस्क्रीनव्ह्यू या प्रोग्रॅममध्ये ते उघडले. बहुतेक वेळा ‘एनटीओएसकर्नल’चं नाव येतं. विंडोज नव्याने टाकलं, तरी क्रॅश चालूच. आता मदरबोर्ड बदलायचा का?

उत्तर : एनटीओएसकर्नल म्हणजे विंडोजचा गाभाच. एखादा ड्रायव्हर मेमरीत चुकीच्या जागी लिहून मोकळा होतो आणि थोड्या वेळाने कर्नल तिथे ठेचकाळतो. ज्याच्या अंगणात प्रेत सापडलं तोच खुनी, असं धरू नका.

विंडोज नव्याने टाकल्याने ड्रायव्हर निर्दोष ठरत नाही. विंडोज अपडेट बऱ्याचदा तोच ड्रायव्हर पुन्हा आणून बसवतं, आणि उरलेले आपण स्वतः आपल्या आवडत्या प्रोग्रॅम्सबरोबर आणतो. अँटिव्हायरस, व्हीपीएन, खेळांचे अँटी-चीट, पंख्यांचे आणि दिव्यांचे रंग बदलणारी सॉफ्टवेअर यांतली बरीचशी स्वतःचे ड्रायव्हर कर्नलमध्ये घुसवतात. माझा पहिला संशय अशांवरच असतो, विशेषतः दिवेवाल्यांवर.

एकाच डंपवर निकाल देऊ नका. चार-पाच जमले की मायक्रोसॉफ्टच्या विनडीबीजी या डंप तपासणाऱ्या मोफत प्रोग्रॅममध्ये एकेक उघडा, अ‍ॅनालाइझच्या दुव्यावर क्लिक करा आणि ‘इमेज नेम’ची, म्हणजे संशयित फाइलच्या नावाची, तुलना करा. दरवेळी तोच कोड आणि तीच फाइल असेल, तर ड्रायव्हरवर संशय पक्का. आज ‘मेमरी मॅनेजमेंट’, उद्या ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर ईक्वल’, परवा तिसरंच काही आणि फाइलही वेगळी, असं असेल तर रॅम तपासा. बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅम जास्त वेगाने चालवणारी सेटिंग्ज) चालू असेल तर ते बंद करून रॅम मूळ वेगावर आणा. मग पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ रात्रभर चालवा. त्यात एक जरी चूक निघाली, तरी ड्रायव्हरचा विषय तूर्त बाजूला ठेवा आणि रॅमच्या कांड्या एकेक लावून तपासा.

रॅम स्वच्छ निघाली आणि तरी नाव हाती लागत नसेल, तर विंडोजमध्येच असलेला ड्रायव्हर व्हेरिफायर वापरा. हे हत्यार जालीम आहे. तो निवडलेल्या ड्रायव्हरवर कडक पहारा बसवतो आणि चूक दिसताच मुद्दाम क्रॅश घडवतो, म्हणजे नाव डंपमध्ये सापडतं. आधी मागे परतता यावं म्हणून रिस्टोअर पॉइंट करा आणि मायक्रोसॉफ्टचे सोडून फक्त इतरांचे ड्रायव्हर निवडा. संगणक सुरूच होईना, तर सेफ मोडमध्ये (मोजक्या ड्रायव्हरवर चालणाऱ्या विंडोजमध्ये) जाऊन ‘व्हेरिफायर’, एक जागा सोडून ‘स्लॅश रीसेट’ ही आज्ञा द्या. काम झाल्यावर व्हेरिफायर बंद करायला विसरू नका, नाहीतर संगणक विनाकारण मंदावेल.

प्रश्न : एका ड्रायव्हरच्या चुकीपायी सगळा संगणक का पाडायचा? तेवढाच ड्रायव्हर बंद करता येत नाही?

उत्तर : कर्नलमधला ड्रायव्हर आणि विंडोजचा गाभा एकाच मेमरीत वावरतात. तिथे कुणी भलतीकडे लिहिलं, तर आणखी काय बिघडलं असेल याचा भरवसा उरत नाही. पुढे चालत राहून तुमच्या फाइल्स नासवण्यापेक्षा थांबणं बरं. १९ जुलै २०२४ ला हेच जगभर दिसलं. क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचा ड्रायव्हर एक सदोष फाइल वाचताना मेमरीच्या हद्दीबाहेर गेला आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोसळले. ग्राफिक्सच्या ड्रायव्हरचा मोठा भाग मात्र व्हिस्टापासून कर्नलबाहेर काढलेला आहे, म्हणून तो पडला तरी कित्येकदा संगणक वाचतो.

प्रश्न : खेळ चालू असताना पडदा क्षणभर काळा होतो, पुन्हा येतो. कधी कधी मात्र ‘व्हिडिओ टीडीआर फेल्युअर’ येऊन सगळंच बंद पडतं. ग्राफिक्स कार्डाला प्रतिसादासाठी मिळणारी मुदत रजिस्ट्रीत वाढवा, असं एकाने सांगितलं.

उत्तर : वाढवू नका. ग्राफिक्स कार्डाने २ सेकंदांत प्रतिसाद दिला नाही, तर विंडोज ड्रायव्हर पुन्हा सुरू करून पाहतं. तो काळा क्षण हाच. तेही जमलं नाही की क्रॅश. मुदत वाढवली तर पडदा जास्त वेळ गोठेल, दोष तसाच राहील. अलीकडे ड्रायव्हर बदलला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमधून ‘रोल बॅक’ करा. ते बटण अंधूक असेल तर सेफ मोडमध्ये डीडीयू (डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर) या प्रोग्रॅमने जुना ड्रायव्हर समूळ काढा आणि निर्मात्याच्या साइटवरची आधीची आवृत्ती टाका. ओव्हरक्लॉक (कार्ड ठरलेल्या वेगापेक्षा जास्त चालवणं) असेल तर काढा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने गुण आला ते कळणार नाही. आवृत्ती बदलूनही फरक नाही आणि जड खेळातच हे होतं, असं असेल तर कार्डाचं तापमान आणि वीजपुरवठा पाहा.

प्रश्न : लॅपटॉप झोपेतून उठवताना ‘ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर’ येतो.

उत्तर : वायफाय आणि चिपसेटचे ड्रायव्हर लॅपटॉपच्या निर्मात्याच्या साइटवरून घ्या, बाहेरून जोडलेली यूएसबी उपकरणं काढून पाहा. बहुतेकदा एवढ्यावर भागतं.

प्रश्न : सगळे ड्रायव्हर आपोआप अपडेट करणारी सॉफ्टवेअर घ्यावीत का?

उत्तर : नाही.

प्रश्न : नवा ड्रायव्हर टाकला आणि आता विंडोज सुरूच होत नाही. सेफ मोडपर्यंत पोहोचू कसा?

उत्तर : विंडोजचं चिन्ह दिसताच पॉवरचं बटण दाबून धरून संगणक बंद करा. असं दोन-तीनदा केलं की दुरुस्तीचा पडदा आपोआप येतो. तिथून ‘ट्रबलशूट’, ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘स्टार्टअप सेटिंग्ज’ असं जाऊन रिस्टार्ट करा आणि ४ दाबा. सेफ मोडमध्ये डिव्हाइस मॅनेजरमधून तो ड्रायव्हर काढा किंवा मागे न्या. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर वाटेत ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाईल. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते, म्हणून दुसऱ्या उपकरणावर ते खातं आधीच उघडून ठेवा.