चिकटपट्टीचं शास्त्र

प्रश्न : नात एमएस्सीला आहे. प्रयोगशाळेत दिवसभर चिकटपट्टीने काळे खडे सोलते म्हणे. हा अभ्यास की पोरखेळ?
– एक आजोबा, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : आजोबा, याच पोरखेळाला २०१० चं नोबेल मिळालंय! गाइम आणि नोवोसेलोव या भौतिकशास्त्रज्ञांनी २००४ मध्ये ग्रॅफाइटपासून अणूभर जाडीचं ग्राफीन असंच सोललं होतं.

नातीचा खडा बहुधा मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा, म्हणजे मॉलिब्डेनम धातू आणि गंधकाच्या संयुगाचा असावा. रावपुऱ्यातल्या एखाद्या गॅरेजवाल्याला विचारा, काळ्या ग्रीसमध्ये हेच असतं. थराच्या आत अणूंची पकड घट्ट, पण थराथरांत ढिली. म्हणून ते घसरतात आणि पट्टीला पापुद्रा येतो. खरी गंमत पुढे आहे. जाड तुकड्यावर लेझर टाकला तर तो जेमतेम उजळतो. तोच ०.६५ नॅनोमीटरचा एकच थर उरला की झगझगीत! कारण त्याचा बँडगॅप, म्हणजे इलेक्ट्रॉनला वरच्या पातळीवर उडी मारायला लागणारी किमान ऊर्जा, सुमारे १.३ वरून १.८ इलेक्ट्रॉनव्होल्टवर जातो आणि ‘थेट’ होतो, म्हणजे खाली परतणारा इलेक्ट्रॉन ती ऊर्जा सहज प्रकाश म्हणून सोडतो. २०११ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या शास्त्रज्ञांनी अशा एका थराचा ट्रान्झिस्टरही करून दाखवला.

पट्टीने निघतात ते मात्र मायक्रॉनमध्ये मोजायचे कपटे, कारखान्याच्या कामाचे नाहीत. मोठा थर हवा तर भट्टीत मॉलिब्डेनम ऑक्साइड आणि गंधक तापवतात. सातशे-आठशे अंशांना सिलिकॉनच्या चकतीवर त्रिकोणी स्फटिक उगवतात. नातीच्या विभागात अशी भट्टी असेल तर जरूर बघून या, फक्त गंधकाचा वास सोसायची तयारी ठेवा.