ऑनलाइन टेस्टमध्ये स्कोअर जास्त आला, म्हणजे मी सायकोपाथ आहे का?

हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो आणि विचारणारी माणसं बहुतेक साधी, नोकरी-संसार सांभाळणारी असतात. त्यातल्याच एकाबद्दल सांगते, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

तिशीतला तरुण. भांडणात बायको रडायला लागली की हा ढिम्म बसून राहायचा, नाहीतर सरळ फोन उघडायचा. ती एकदा म्हणाली, "तुला मनच नाहीये." त्याच रात्री याने नेटवर टेस्ट दिली, स्कोअर वर आला आणि झोपच उडाली. मला म्हणाला, "मॅडम, मला खरंच काही वाटत नाही. तिला माझ्यापासून धोका आहे का तेवढं सांगा."

आधी त्या टेस्टचं बघू. सायकोपथी, म्हणजे दुसऱ्याच्या त्रासाचं काही न वाटणारा, लोकांना वापरून घेणारा स्वभाव, मोजायची मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेअर यांची जी नावाजलेली चेकलिस्ट आहे तिच्यात 20 मुद्दे असतात, प्रत्येकाला 0 ते 2 गुण, आणि ती ट्रेनिंग घेतलेला माणूस सविस्तर मुलाखत घेऊन, जुनं रेकॉर्ड तपासून भरतो. आपली आपण भरायची प्रश्नावली वेगळी, ती मुळात संशोधनासाठी असते, तिच्यावरून निदान होत नाही. सायकोपथीचे हे स्वभावगुण कमी-जास्त प्रमाणात सगळ्यांमध्येच सापडतात, माझ्यातही.

आणि अशा प्रश्नावलीत दोन वेगळ्या गोष्टी एकत्र मोजल्या जातात, हे कुणी सांगतच नाही. मानसशास्त्रज्ञ लेव्हन्सन आणि सहकाऱ्यांच्या 1995 च्या प्रश्नावलीत 26 वाक्यं आहेत, 16 थंडपणाबद्दल, म्हणजे लोकांना वापरून घेणं, दुसऱ्याला त्रास झाला तरी फरक न पडणं, आणि 10 उतावळेपणाबद्दल, पटकन कंटाळणं, पुढचा विचार न करणं, भडकणं. पहिल्या भागाचा चिंतेशी फारसा संबंध दिसत नाही, पण दुसऱ्या भागात जास्त गुण असलेली माणसं बऱ्याचदा चिंतेने, रागाने नुसती भरलेली असतात. आता या दोन्हीची बेरीज करून एकच आकडा हातात दिला तर माणसाने त्यातून काय समजायचं?

याने दिलेली टेस्ट याच धर्तीची होती आणि गुण जवळजवळ सगळे दुसऱ्या भागातले. मी विचारलं, "ती रडते तेव्हा अंगात काय होतं?" "काही नाही" म्हणता म्हणता थांबला, हात गळ्याकडे गेला. "इथे आवळल्यासारखं होतं. हात गार पडतात. मग मी फोन घेतो."

"फोनवर काय बघता?"

"काहीच नाही. नुसतं वर-खाली करत बसतो."

वाटत होतं, भरपूर वाटत होतं, पण त्याला नाव देता येत नव्हतं. याला अ‍ॅलेक्सिथायमिया म्हणतात, हाही कमी-जास्त प्रमाणात असणारा गुण आहे, आजार नव्हे. बाहेरून मात्र तो थंडपणासारखाच दिसतो, त्यामुळे बायको चुकीचं बोलली असं मी म्हणणार नाही, तिला जे दिसलं ते ती बोलली.

"तुम्हाला काळजी वाटतेय ना, मग तुम्ही सायकोपाथ नाहीच" हे नेटवर सगळीकडे वाचायला मिळतं, मी ते त्याला मुद्दाम म्हटलं नाही. कारण काळजी करणारा माणूससुद्धा रागाच्या भरात समोरच्याला जखमी करू शकतो, आणि हा फोन भिंतीवर फेकत होता, दार आपटत होता, बायको घाबरत होती. धोका आहे का, या त्याच्या प्रश्नाचं उत्तर तिथे होतं, स्कोअरमध्ये नव्हतं. म्हणून मी तिच्याशीही स्वतंत्र बोलले, तिला घरात सुरक्षित वाटतं का हे आधी विचारलं.

पुढचं काम कंटाळवाणं होतं, खरं सांगते. गळा आवळला की ते ओळखायचं आणि फोन न घेता एवढंच बोलायचं, "मला शब्द सापडत नाहीयेत, पण मी ऐकतोय." सुरुवातीला हे वाक्य त्याने पाठ केल्यासारखं म्हटलं, तिला ते खोटं वाटलं आणि त्यावरूनच पुन्हा भांडण झालं. मग आम्ही तिला सोबत बसवून तेच केलं. वस्तू फेकणं बंद झालंय, दार अजून कधीतरी आपटतं, सेशन चालू आहेत.

आणि ज्यांना प्रामाणिकपणे वाटतं की समोरच्याच्या रडण्याने आपल्याला खरंच काही होत नाही, त्यांनीही या. नेदरलँड्समध्ये सायकोपथी असलेल्या गुन्हेगारांवर अभ्यास झाला होता, 2013 मध्ये छापून आला. दुसऱ्याला होणारा त्रास नुसता बघताना त्यांच्या मेंदूत प्रतिसाद कमी दिसला, पण मुद्दाम समजून घ्यायला सांगितल्यावर तो वाढला, म्हणजे ती क्षमता त्यांच्यात अगदीच नव्हती असं नाही.