कोसा म्हणजे किडा की कापड?

ताई, तुमचा प्रश्न असा की भंडाऱ्याकडचे लोक 'कोसा पाळतो' म्हणतात आणि दुकानात 'कोसा साडी'ही मिळते, मग कोसा नक्की कशाला म्हणायचं, आणि त्यातून फुलपाखरू निघतं की पतंग?

कोसा म्हणजे मुळात ते घर, अळी स्वतःभोवती रेशमाचं विणते ते. कोश शब्दाचंच ते रूप, संस्कृतात रेशमी वस्त्राला कौशेय म्हणतात ते त्यातलंच. पुढे त्याच्या धाग्याला, कापडाला, साडीला सगळ्यालाच कोसा म्हणायला लागले. दुसरा शब्द टसर, तो संस्कृत तसरवरून, म्हणजे विणकराचा धोटा, मागावर आडवा धागा नेणारा. म्हणजे एक नाव कोशावरून आलं आणि दुसरं मागावरून, मला हे फार आवडतं!

पण किडा म्हणजे कोसा नाही. 'कोसा पाळतो' हे बोलण्यात चालतं, कारण सगळी मेहनत त्या कोशासाठीच असते. भंडारा-गडचिरोलीकडे ढीवर समाजाची माणसं पिढ्यानपिढ्या ऐन-अर्जुनाच्या झाडांवर या अळ्या वाढवतात, घरात टोपलीत नाही बरं का, उघड्या जंगलात, म्हणून पक्षी आणि मुंग्यांपासून दिवसभर राखण करावी लागते.

एका मादीने घातलेल्या सगळ्या अंड्यांना मिळून त्या धंद्यात अंडीपुंज म्हणतात. अंडं चपटं, कडेने दोन गडद रेघा. आठ-दहा दिवसांत अळी बाहेर येते, चार वेळा कात टाकते आणि हिरवीगार, बोटापेक्षा जाड होते. पावसाळ्यात हे साधारण महिनाभरात उरकतं, थंडीच्या पिकाला जास्त वेळ लागतो. तिला सुरवंट म्हणू नका, सुरवंट म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर केसाळ, खाज सुटणारा येतो, ही अळीच. मग ती आधी फांदीभोवती रेशमाचं कडं करते, त्याला कडक देठ, आणि देठाला लटकलेला तो कोसा, पान गळलं तरी हा पडत नाही. थंडीतल्या पिकाचे कोश तसेच राहतात, आतला जीव उन्हाळाभर झोपून काढतो आणि पावसाच्या सुमारास बाहेर येतो.

बाहेर येतो तो पतंग, फुलपाखरू नाही. नर विटकरी-तपकिरी, मादी मोठी आणि बहुधा पिवळसर किंवा राखाडी, चारही पंखांवर एकेक पारदर्शक गोल ठिपका. ओळखायचं असेल तर मिशा बघा, फुलपाखराच्या मिशीला टोकाशी गाठ असते, या नराच्या मिशा पिसासारख्या रुंद, लांबच्या मादीचा वास त्यावरच कळतो. याला खाता येईल असं तोंडच नसतं, आठवडाभराचं आयुष्य, जोडी जमवायची, अंडी घालायची, संपलं. शास्त्रीय नाव अँथेरिया मायलिट्टा.

आता बोलताना: अळी 'पाळायची', कोसा 'तोडायचा', धागा 'काढायचा', साडी 'कोशाची' किंवा 'टसरची'. 'कोसा सिल्क' पण सर्रास म्हणतात, मला ते खटकतं, कोसा म्हटलं की रेशीम आलंच की. विदर्भातली करवतकाठी साडी याच धाग्याची. पतंग भोक पाडून निघून गेलेला कोसा मात्र सलग उलगडत नाही, त्याचं सूत हाताने कातावं लागतं, म्हणून धाग्यासाठीचे कोसे पतंग निघायच्या आधीच उकळतात आणि बियाण्यासाठी थोडे वेगळे ठेवतात.