वाचक विचारतात : साठ अंश सांगितले, तीसच का दिसतात?

प्रश्न : क्यूबिट (क्वांटम संगणकातला बिट) एक्स-अक्षाभोवती फिरवणाऱ्या आरएक्स गेटला मी ६० अंश दिले, पण त्या गेटच्या मॅट्रिक्समध्ये ३० अंशांचे साइन-कोसाइन दिसतात. क्यूबिट नक्की किती फिरला? आणि टी गेटचा कोन कुणी पाय (π) भागिले चार सांगतं, कुणी पाय भागिले आठ. खरं काय?

उत्तर : फिरला साठच अंश, पण ब्लॉख गोलावर, म्हणजे क्यूबिटची अवस्था बाणाने दाखवणाऱ्या काल्पनिक गोलावर. मॅट्रिक्स ज्या अवकाशात काम करतं, तिथे ‘शून्य’ आणि ‘एक’ या अवस्था एकमेकींशी काटकोनात असतात. गोलावर त्याच दोघी उत्तर आणि दक्षिण ध्रुवावर बसतात, म्हणजे १८० अंशांवर. नव्वदाचे एकशेऐंशी झाले, की बाकीचे कोनही दुप्पट होणारच. मॅट्रिक्सकडे परत येताना ते निम्मे करायचे.

आकडे घालून बघा. क्यूबिट ‘शून्य’मध्ये आहे, त्याला तुमचं गेट लावलं. ३० अंशांच्या कोसाइनचा वर्ग पाऊण, तेव्हा मोजल्यावर ‘शून्य’ मिळण्याची शक्यता ७५ टक्के. आता गोलावरून काढू. बाण ध्रुवापासून ६० अंश कलला, झेड-अक्षावर त्याची उंची अर्धा. त्यात एक मिळवा, दोनने भागा, पुन्हा पाऊणच. मला ही रीत आवडते, हिच्यात निम्मा कोन आडवा येत नाही.

टी गेट झेड-अक्षाभोवती पाय भागिले चार, म्हणजे ४५ अंश फिरवतं. सामाईक फेज (दोन्ही अवस्थांना सारखाच लागणारा कोन) बाहेर काढली की मॅट्रिक्सच्या कर्णावर उणे आणि अधिक पाय भागिले आठ हे फेजचे कोन राहतात. दुसरं नाव तिथलं. मी ते वापरत नाही, उगाच घोळ होतो.

खरी गंमत ३६० अंशांना आहे. बाण निघाला तिथेच परत येतो, मॅट्रिक्स मात्र उणे एक होतं. अधिक एक व्हायला ७२० अंश लागतात. एकट्या क्यूबिटवर हे उणे चिन्ह कुठल्याच मोजमापात सापडत नाही. तरी ते कागदापुरतं नाही. न्यूट्रॉनचा झोत दोन वाटांनी न्यायचा, एकाच वाटेवर चुंबकीय क्षेत्राने स्पिन (न्यूट्रॉनचा क्यूबिटसारखाच दोन अवस्थांचा गुणधर्म) फिरवायचा आणि दोन्ही पुन्हा एकत्र आणायचे, असे प्रयोग १९७५ मध्ये झाले. व्यतिकरण (दोन वाटांच्या लहरी मिसळून होणारा परिणाम) पूर्ववत व्हायला ७२० अंशच लागले.

सर्किटमध्येही हे नडतं. झेड-अक्षाभोवती ९० अंश फिरवणाऱ्या एस गेटऐवजी ९० अंशांचं आरझेड (आरएक्ससारखंच, पण झेड-अक्षाभोवतीचं गेट) खुशाल वापरा, फरक फक्त सामाईक फेजचा. पण दोन्हींना कंट्रोल जोडलात, म्हणजे दुसरा क्यूबिट ‘एक’ असेल तरच गेट चालेल असं केलंत, की तीच फेज कंट्रोल क्यूबिटवर उतरते आणि दोन सर्किटांत तिथे एका टी गेटचा फरक पडतो.