माहितीपट शिकायला बुडापेस्टला जाऊ का?

प्रश्न: मी सोलापूरच्या सेटलमेंट भागात राहते, कैकाडी समाजातली आहे, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. हंगेरीत रोमा (युरोपातला, आपल्यासारखाच हिणवला गेलेला समाज) विद्यार्थी आपल्याच वस्त्यांवर माहितीपट करतात असं वाचलं. मलाही तेच करायचंय. बुडापेस्टला शिकायला जाऊ का? घरचे म्हणतात, यात पोट भरत नाही.

उत्तर: हे काम जरूर कर. जाण्याचं ठरवण्याआधी तिथल्या मंडळींनी ते उभं कसं केलं ते बघ. 1980 च्या दशकाच्या अखेरीस, टीव्ही कम्युनिस्ट सरकारच्या ताब्यात असताना, बुडापेस्टमध्ये ‘ब्लॅक बॉक्स’ हा व्हिडिओ गट निघाला. सभा, मोर्चे, 1989 च्या सत्तांतराच्या वाटाघाटी त्यांनी स्वतः चित्रित केल्या. गुप्त पोलीस विरोधकांवर अजूनही पाळत ठेवतात याचे कागद जानेवारी 1990 मध्ये त्यांच्या कॅमेऱ्याने बाहेर आणले आणि गृहमंत्र्यांना जावं लागलं. याच गटाने पुढे रोमा तरुणांना व्हिडिओ शिकवला.

कॅमेरा वस्तीतल्याच माणसाच्या हाती का हवा, ते 2009 मध्ये हंगेरीतल्या तातारसेन्तद्यॉर्द्य गावात दिसलं. घर पेटवून, बाहेर पळणाऱ्या रोमा बापलेकांना गोळ्या घातल्या गेल्या. पोलीस आधी विजेच्या बिघाडाने आग लागली म्हणत होते. ब्रिटिशांच्या गुन्हेगार जमाती कायद्याने तारेच्या कुंपणात टाकलेल्या आणि 1952 पर्यंत तो शिक्का वागवणाऱ्या माणसांच्या नातवंडांना हे वेगळं समजावायला नको.

तेव्हा आपल्या लोकांचं म्हणणं तूच नोंदव. त्यासाठी आधी आवाज टिपायला शीक. पत्र्यावरचा पाऊस, शेजारचा टीव्ही, गल्लीतली पोरं, सगळं मुलाखतीत घुसतं. चित्र थोडं हललं तर लोक चालवून घेतात, बोलणं कळलं नाही तर उठून जातात. कॅमेऱ्याआधी चांगला कॉलर माईक घे. प्रत्येक चित्रीकरणाची तारीख, जागा, बोलणाऱ्याचं नाव आणि त्याची संमती त्याच दिवशी लिहून ठेव. ज्याच्यावर पोलीस केस आहे त्याचा चेहरा मात्र दाखवू नकोस, त्याने हो म्हटलं तरी. ब्लॅक बॉक्सचं चित्रीकरण आज बुडापेस्टच्या ओपन सोसायटी अर्काइव्हमध्ये जतन केलेलं आहे. तुझंही उद्या कोणाच्या उपयोगी पडेल.

घरच्यांचं म्हणणं खोटं नाही. नुसत्या माहितीपटावर सुरुवातीची वर्षं घर चालत नाही. संकलन आणि ध्वनीची कामं मात्र मिळत राहतात. पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट संस्थेत हे दोन्ही विषय आहेत. मुंबईच्या टिसमध्ये (टाटा समाजविज्ञान संस्थेत) माध्यम आणि संस्कृती अभ्यासाच्या एम.ए.त माहितीपट करावा लागतो. गोव्याची ‘व्हिडिओ व्हॉलंटिअर्स’ ही संस्था वस्तीतल्याच लोकांना बातमीदार म्हणून तयार करते. मी तुझ्या जागी असते तर पहिलं पत्र त्यांना पाठवलं असतं. विमुक्त जातींसाठीची शिष्यवृत्ती राज्य सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावर बघ.

बुडापेस्ट त्यानंतर. लिस्बन, बुडापेस्ट आणि ब्रुसेल्स मिळून ‘डॉकनोमॅड्स’ हा माहितीपटाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम चालत आलाय. पण 2022 च्या अखेरीस युरोपीय संघाने हंगेरीतल्या विश्वस्त मंडळांकडे गेलेल्या विद्यापीठांशी निधीचे नवे करार थांबवले, आणि या अभ्यासक्रमाचं बुडापेस्टचं विद्यापीठही त्यातलंच. त्यामुळे अर्ज भरण्याआधी बुडापेस्टच्या सत्राचं आणि शिष्यवृत्तीचं काय, ते लेखी विचारून घे.