न केलेल्या खर्चाचे बिल : क्रेडिट कार्डच्या फसवणुकीबाबत वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझे वडील निवृत्त शिक्षक आहेत. ‘तुमचे रिवॉर्ड पॉइंट आज रात्री बाद होणार’ असा त्यांना फोन आला. त्या माणसाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले अ‍ॅप त्यांनी फोनमध्ये घेतले आणि त्यात कार्डाचा तपशील भरला. पावणेआठ वाजता ३८,५०० रुपये खर्च झाल्याचा संदेश आला. आठ वाजून पाच मिनिटांनी आम्ही बँकेच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून क्रमांक घेतला, तरीही सव्वाआठला आणखी २१,००० रुपये गेले. ओटीपी बरोबर टाकला गेला असल्यामुळे सगळी रक्कम भरावीच लागेल, असे बँक म्हणते. हे योग्य आहे का? (सांगली)

उत्तर : नाही. बँकेने दोन वेगळ्या व्यवहारांना एकच उत्तर दिले आहे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात ग्राहकाची जबाबदारी कुठवर आणि बँकेची कुठून, याची रेघ आखून दिली आहे. ग्राहकाने स्वतःच्या निष्काळजीपणामुळे कार्डाची गोपनीय माहिती दुसऱ्याला दिली असेल, तर बँकेला कळवेपर्यंत झालेले नुकसान ग्राहकाचे. मात्र कळवल्यानंतर जे नुकसान होईल ते बँकेने सोसायचे. आपण आठ वाजून पाच मिनिटांनी कळवले आणि २१,००० रुपये त्यानंतर गेले. कार्ड तत्काळ बंद करणे हे बँकेचे काम होते. त्यामुळे ही रक्कम वडिलांच्या माथी मारता येणार नाही, आणि आपल्या अर्जातील पहिले वाक्य हेच असावे.

पहिल्या ३८,५०० रुपयांची बाजू अवघड आहे, पण ती सोडून देण्यासारखी नाही. अशा अ‍ॅपला फोनमधील संदेश वाचण्याची परवानगी मिळाली की ओटीपी परस्पर चोराकडे जातो; ग्राहक तो कोणाला सांगत नाही की कुठे टाकतही नाही. वडिलांनी ओटीपी स्वतः सांगितला नसेल, तर ते अर्जात स्पष्ट लिहावे. ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार त्याच परिपत्रकाने बँकेवर टाकला आहे. ‘ओटीपी टाकला गेला’ एवढे म्हटल्याने तो भार उतरत नाही. तरीही कार्डाचा तपशील त्यांनी स्वतः भरला होता हा मुद्दा बँक पुढे करील, हे गृहीत धरून तयारी ठेवावी.

आता कागदपत्रांकडे वळतो, कारण अशी बरीच प्रकरणे तिथेच हातची जातात. हेल्पलाइनचा तक्रार क्रमांक, आपल्या फोनमधील त्या कॉलची वेळ आणि बँकेच्या दोन्ही संदेशांची छायाचित्रे जपून ठेवावीत. बँकेला ईमेलने लेखी तक्रार करावी. शाखेत गेल्यास तोंडी सांगून परत येऊ नये. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का मारून पोच घ्यावी. १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर अजून फोन केला नसेल तर आजच करावा. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जात असतानाच ते गोठवता येतात, म्हणून पहिल्या काही तासांचे मोल फार असते. पण उशीर झाला तरी ही नोंद पुढे पुरावा म्हणून उपयोगी पडते. ते अ‍ॅप काढून टाकण्यापूर्वी त्याचे नाव आणि तो व्हॉट्सअ‍ॅप क्रमांक टिपून घ्यावा. त्यानंतर फोनमधील आवश्यक गोष्टींची प्रत काढून तो मूळ स्थितीत आणावा आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदलावेत.

बिलाची देय तारीख येईल तेव्हा वादातील रक्कम वगळून उरलेली रक्कम वेळेत भरावी आणि तसे बँकेला लेखी कळवावे. फसवणूक म्हणून हरकत घेतलेल्या व्यवहारावर वाद मिटेपर्यंत कोणतेही शुल्क लावू नये, असे रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या क्रेडिट कार्डविषयक निर्देशांत म्हटले आहे. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. त्यासाठी वकील लागत नाही.

एक विनंती. वडिलांना घरात कोणी बोल लावू नये. हे फोन करणाऱ्यांना समोरच्याचे नाव आणि कधी कधी कार्डाचे शेवटचे चार अंकही ठाऊक असतात, आणि ‘आज रात्री’ ही मुदत माणसाला विचार करायला वेळ मिळू नये म्हणूनच घातलेली असते. घरच्यांच्या रागाच्या भीतीने अनेक ज्येष्ठ नागरिक दोन-दोन दिवस गप्प राहतात, आणि तेवढ्यात पैसे हाताबाहेर जातात.

प्रश्न : गुरुवारी रात्री झोपेत असताना माझ्या कार्डावर एका परदेशी संकेतस्थळाचा डॉलरमधील व्यवहार झाला. मी कधी परदेशी गेलेलो नाही. कार्ड माझ्याजवळ होते आणि ओटीपीही आला नाही. हे कसे शक्य आहे, आणि पैसे परत मिळतील का? (डोंबिवली)

उत्तर : भारतातील दुकानांच्या ऑनलाइन व्यवहारांना ओटीपीसारखी जादा पडताळणी सक्तीची आहे, परदेशी संकेतस्थळांवर मात्र कार्डाचा क्रमांक, मुदत संपण्याची तारीख आणि मागील तीन अंक एवढ्यावर व्यवहार होऊन गेल्याची उदाहरणे भरपूर आहेत. हा तपशील कुठूनतरी फुटलेला असतो. पुष्कळदा आधी एक-दोन डॉलरचा व्यवहार करून कार्ड चालू आहे की नाही हे पाहिले जाते, तेव्हा मागील महिनाभराच्या बिलातील किरकोळ रकमाही तपासाव्यात.

आपल्या बाबतीत चूक आपली नाही आणि बँकेचीही नाही, ती तिसऱ्याच कोणाची आहे, असे धरले तरी बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास आपली जबाबदारी शून्य ठरते. संदेश आलेला दिवस यात मोजत नाहीत. गुरुवारी रात्री संदेश आला आणि त्या आठवड्यातील शनिवार महिन्यातील दुसरा, म्हणजे बँकेच्या सुटीचा असेल, तर शुक्रवार पहिला, सोमवार दुसरा आणि मंगळवार तिसरा दिवस ठरतो. चार ते सात कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास, कार्डाची मर्यादा पाच लाखांपर्यंत असेल तर जास्तीत जास्त १०,००० रुपये आणि त्याहून अधिक असेल तर २५,००० रुपये आपल्यावर येऊ शकतात. व्यवहाराची रक्कम याहून कमी असेल तर तेवढीच. सात दिवसांनंतर बँकेचे स्वतःचे धोरण लागू होते. अर्थात ही मुदत हक्कासाठी आहे, वाट पाहण्यासाठी नाही. कार्ड त्याच मिनिटाला बंद करावे. कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने ती रक्कम तात्पुरती जमा दाखवायची असते आणि ९० दिवसांत तक्रारीचा निकाल लावायचा असतो.

नवीन कार्ड आल्यावर बँकेच्या अ‍ॅपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद आहेत ना, हे पाहावे. परदेशी वस्तू घेण्याची वेळ आली तर तेवढ्यापुरते चालू करून पुन्हा बंद करता येतात.

प्रश्न : खरेदीच्या संकेतस्थळावर ‘कार्ड सुरक्षित जतन करा’ असे विचारतात. होकार द्यावा का? (कोल्हापूर)

उत्तर : १ ऑक्टोबर २०२२ पासून भारतातील विक्रेत्यांना आपल्या कार्डाचा खरा क्रमांक साठवता येत नाही, त्याऐवजी त्या विक्रेत्यापुरते टोकन, म्हणजे खऱ्या क्रमांकाच्या जागी वापरायचा सांकेतिक क्रमांक, साठवले जाते. ते चोरीला गेले तरी दुसरीकडे चालत नाही. नेहमीच्या, खात्रीच्या ठिकाणी होकार द्यायला हरकत नाही.

प्रश्न : आई रत्नागिरीला एकटी राहते. औषधे आणि विजेचे बिल यांसाठी तिला कार्ड दिले आहे. दूर राहून कोणती काळजी घेता येईल? (पुणे)

उत्तर : सर्वांत परिणामकारक उपाय मर्यादेचा आहे. आईचा महिन्याचा खर्च आठ हजार असेल तर दोन लाखांच्या मर्यादेचे कार्ड कशाला हवे? बँकेला सांगून ती कमी करून घ्यावी आणि ऑनलाइन खर्चाची मर्यादा त्याहून खाली ठेवावी. पिनशिवाय, नुसते कार्ड टेकवून होणारे व्यवहार ५,००० रुपयांपर्यंत चालतात. आईला ते लागत नसतील तर बंद करावेत.

फोनबाबत दोन गोष्टी शांतपणे बसून सांगाव्यात. बँकांचे सेवाविषयक फोन आता १६०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरून यावेत अशी व्यवस्था केली आहे. दहा आकडी मोबाइलवरून कोणी ‘बँकेतून बोलतोय’ म्हणाले, तर आईने फोन ठेवून कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर स्वतः फोन लावावा. दुसरी गोष्ट, कोणाच्या सांगण्यावरून फोनवर तारा (*), ४०१, पुन्हा तारा आणि पुढे एखादा क्रमांक असे कधीही दाबू नये. तसे केल्याने आईचे फोन चोराकडे वळतात आणि आवाजी कॉलवर येणारा ओटीपीही त्यालाच ऐकू जातो. कुरिअर अडकले आहे, अशी बतावणी करून हे अगदी सहज करवून घेतले जाते.

प्रश्न : गृहकर्जासाठी सिबिल या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीचा अहवाल काढला, तेव्हा मी कधीही न मागितलेल्या क्रेडिट कार्डाची थकबाकी माझ्या नावावर दिसली. (नागपूर)

उत्तर : आपल्या आधार-पॅनच्या प्रती वापरून कोणीतरी कार्ड काढले असण्याची शक्यता आहे. त्या बँकेकडे कार्डाचा मूळ अर्ज, पडताळणीची कागदपत्रे आणि कार्ड ज्या पत्त्यावर पाठवले तो पत्ता लेखी मागावा, पोलिसांत तक्रार द्यावी आणि सिबिलकडे स्वतंत्र हरकत नोंदवावी. न मागता दिलेल्या कार्डाच्या गैरवापराची जबाबदारी कार्ड देणाऱ्या बँकेचीच असते. हरकत नोंदवल्यापासून ३० दिवसांत तिचे निराकरण झाले नाही, तर त्यापुढील प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याचा हक्क आहे, तो मागावा. आपले नाव सिबिलखेरीज इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि क्रिफ हाय मार्क या कंपन्यांच्या नोंदींतही असते. चौघींकडूनही वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. तो आताच मागवून घ्यावा, म्हणजे त्याच कागदांवर आणखी एखादे कार्ड किंवा कर्ज निघाले आहे का, हे गृहकर्जाचा अर्ज करण्यापूर्वीच कळेल.