पहिली अरेंजमेंट करताय? आधी दोनच ओळी लिहा

भाऊ, तू विचारलंस की पहिल्यांदाच अरेंजमेंट करायचीय, म्हणजे गाण्यात कुठल्या वाद्याने काय वाजवायचं ते लिहायचंय, तर सुरुवात कशी करू. फ्लूट, क्लॅरिनेट, व्हायोलिन, चेलो एवढे वाजवणारे जमलेत तर मस्तच आहे, बिनधास्त सुरू कर. फक्त अख्खं गाणं घेऊ नको, १६ बार (म्हणजे तालाची १६ घरं) पुरे. आधी नुसती चाल आणि बेस (सगळ्यात खालच्या स्वरांची ओळ) लिही, त्या दोन ओळी एकट्या कानाला बऱ्या वाटल्या की मगच मधलं भर.

नवीन माणूस हमखास चुकतो तो फ्लूटमध्ये. मधल्या सीच्या (पियानोच्या मधोमधचा सी स्वर) आसपास तिचा आवाज मऊ असतो, तिथे चाल दिली आणि वरून बाकीचे जोरात वाजले की ती गायबच. धंतोलीतल्या गणपतीच्या कार्यक्रमाला मी असंच लिहिलं होतं, रिहर्सलला पोरगी जीव तोडून फुंकत होती तरी तिसऱ्या रांगेत काही ऐकू येईना. चाल एक सप्तक वर नेली, चेलोला नुसतं बोटांनी छेडायला लावलं, लगेच मोकळं झालं.

बाकी एवढं सांभाळ:
- क्लॅरिनेट बी फ्लॅटचा असेल तर त्याचा कागद एक पूर्ण स्वर वर लिही, तो सी वाजवतो तेव्हा ऐकू बी फ्लॅट येतो.
- व्हायोलिन मधल्या सीखालच्या जीच्या खाली जात नाही.
- फुंकणाऱ्यांना श्वासाला जागा ठेव, आणि सगळ्यांना सतत वाजवायला लावू नको, हे तर फारच महत्त्वाचं.

कॉम्प्युटरच्या प्लेबॅकवर जाऊ नको रे, त्याला दम लागत नाही. काउंटरपॉइंट (एकाच वेळी दोन स्वतंत्र चाली गुंफणं) वगैरे नंतर बघू. कागद झाला की आधी वाजवणाऱ्यांना दाखव, हाताला बसतंय का विचार.